शहर प्रेरणा देतं, की नुसता कच्चा माल?

पोपडे
चित्रकारांच्या मुलाखतीत एक वाक्य हटकून येतं: "रोजचं शहर हीच माझी प्रेरणा." मला ते थोतांड वाटत नाही. फाटक्या पोस्टरांचे थर बघा. वरचा कागद अर्धा सोललेला, खालून जुन्या जाहिरातीतले कुणाचे तरी अर्धे ओठ, त्याखाली खळीचा पिवळट डाग. ठरवून असं जमवायला बसलं तर जमत नाही. रेमों एन्स आणि जाक व्हिल्ग्ले या फ्रेंच कलावंतांनी १९४९पासून पॅरिसच्या भिंतींवरची अशी पोस्टरं काढून आणली आणि पुढे तीच चित्रं म्हणून मांडली. कुठला तुकडा घ्यायचा, एवढंच काय ते त्यांचं. निम्मं काम शहराने केलं हे कबूल करायला काय हरकत आहे?

काटकोन
असहमत. "एवढंच काय ते"? अहो, तेच तर सगळं काम! त्या भिंतीवरून रोज शेकडो लोक जात होते, त्यांना का नाही दिसलं? इटालियन चित्रकार मोरांडीने बोलोन्या शहरातल्या आपल्या खोलीत बसून वर्षानुवर्षं त्याच बाटल्या रंगवल्या. त्याला कुठला चौक लागला? नुसत्या रेघांची अमूर्त चित्रं काढणारी अ‍ॅग्नेस मार्टिन तर १९६७मध्ये न्यूयॉर्क सोडून गेली, तरी तिच्या रेघा काही सुटल्या नाहीत.

पोपडे
शहर सोडल्यावर तिने काही वर्षं रंगवणंच थांबवलं होतं, ते बरं गाळलंत. :)
आणि डच चित्रकार मोंद्रियान? वीसेक वर्षं काळ्या रेघांनी चित्र बांधणारा माणूस. १९४०मध्ये न्यूयॉर्कला आला आणि 'ब्रॉडवे बूगी वूगी'त (१९४२-४३) काळा गायब! पिवळ्या पट्ट्या, त्यांवर लाल, निळे, करडे चौकोन. हे घरबसल्या सुचलं?

काटकोन
बूगी वूगी हे संगीत आहे. तो त्याचा शौकीन होता, आणि ते घरात बसून ऐकता येतं. न्यूयॉर्कमध्ये तो रंगीत चिकटपट्ट्या कॅनव्हासवर इकडून तिकडे हलवत रचना जुळवायचा. ही स्टुडिओतली चिकाटी. तिचं श्रेय रस्त्याला कशाला?

फुटपाथ
तुमचं चालू द्या, पण पोस्टर, गंज, ओल इथवर ठीक आहे. हल्ली 'शहरी प्रेरणा' म्हणून फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या भेगाळ टाचा मोठ्या करून दालनात टांगतात आणि खाली लिहितात "टेक्स्चर". त्या माणसाला पत्ताही नसतो. याचा मला जास्त राग येतो.

पोपडे
म्हणजे गर्दीची स्केचं काढायचीच नाहीत का? बस थांब्यावरच्या प्रत्येकाला विचारत बसलो तर बस निघून जाईल.

फुटपाथ
काढा की. माणूस ओळखू येत नसेल तर माझी काही तक्रार नाही. चेहरा ओळखू येतोय आणि चित्र विकायला ठेवणार आहात, तर परत त्या थांब्यावर जा आणि विचारा. "नाही" म्हणाला तर ते पान वहीतच ठेवा.