विम्याचं कार्ड कपाटात ठेवून चालत नाही

कोणतं डेबिट कार्ड घ्यावं, या प्रश्नावर इथे दोघांनी सुचवलंय की वर्षाची फी जास्त असली तरी ज्यावर मोठा विमा मिळतो तेच कार्ड घ्यावं. घ्या की, पण ते वापरात हवं या अटीचा विषय कुणीच काढला नाही. जनधनच्या रूपे कार्डावर अपघात विमा आहे: २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाख, आधीच्यांना १ लाख. मात्र अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डावर निदान एक व्यवहार झालेला लागतो. एटीएमवर नुसती शिल्लक बघितली तरी चालतं. इतर कार्डांची मुदत वेगळी असू शकते, ती बँकेकडून लेखीच घ्या. आमच्या बडोद्यात आता खंडेराव मार्केटातली कोथिंबिरीची जुडीही क्यूआरवर येते आणि कार्ड पडून राहतं गोदरेजच्या कपाटात. यूपीआयचे पैसे त्याच खात्यातून गेले तरी तो कार्डाचा व्यवहार नव्हे.

काही कार्डांवर घेतलेल्या वस्तूला वाढीव वॉरंटी मिळते, तिचंही तेच: पैसे त्या कार्डानेच भरलेले लागतात. शेजारच्या काकूंनी रावपुऱ्यातून फ्रिज घेतला. दुकानदार म्हणाला, “मशीन राहू द्या, स्कॅन करा.” काकूंनी ऐकलं नाही, कार्डच घासलं आणि पावती पक्क्या बिलाला टाचून ठेवली. नाहीतर दाव्याच्या वेळी दाखवणार काय? तरी नुसत्या वॉरंटीपायी फी आणि वर १८ टक्के जीएसटी भरणं मला पटत नाही.

आणि हो, विमा आहे हे घरच्यांना सांगून ठेवा. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला ही जमवाजमव त्यांनाच करायची असते.