सापडलेल्या टेपा: बाहेर काढाव्यात की राहू द्याव्यात?

खर्जातला:
'इव्हिनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट' हा जॅझ अल्बम ऐकला का कुणी? ऑगस्ट १९६१, न्यूयॉर्कचा क्लब, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी. रिचर्ड ऑल्डरसन हा तंत्रज्ञ क्लबची साउंड सिस्टिम तपासत होता, म्हणून एक माइक लावून त्याने टेप सुरू ठेवली. ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत सापडली आणि २०२३ मध्ये अल्बम आला. माझ्या मते यायला नको होता. एल्विन जोन्सचे ड्रम्स बाकीच्यांच्या उरावर बसलेत, मॅकॉय टायनरचा पियानो मधूनच गडप. वाजवणाऱ्यांनी 'हे बाहेर जाऊ दे' असं कधी म्हटलेलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर कंपनीने दुकान किती दिवस चालवायचं?

मिंड:
पियानोबद्दल वाद नाही. पण त्यातली 'आफ्रिका' ही रचना? स्टुडिओत त्याच उन्हाळ्यात ती ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, मोठ्या ताफ्यासह झाली होती. इथे ताफा नाही, तरी बावीसेक मिनिटं रेगी वर्कमन आणि आर्ट डेव्हिस हे दोन बासवादक मिळून खालची जमीन धरून ठेवतात. मैफलीतली 'आफ्रिका' दुसरीकडे कुठे मिळते, सांगा. आणि कोल्ट्रेन-डॉल्फी जोडीच्या वाजवण्याला त्या वर्षअखेरीस 'डाउनबीट' या जॅझ मासिकात जॅझविरोधी ठरवलं गेलं! डॉल्फी १९६४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याची जेवढी मिनिटं सापडतील तेवढी हवीत.

खर्जातला:
त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या, व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातल्या टेपा आहेत की, नीट ध्वनिमुद्रित केलेल्या.

मिंड:
त्यात 'आफ्रिका' नाही.

गल्लीतला_श्रोता:
मला त्यातलं फार कळत नाही, पण आपल्याकडे खासगी मैफलींच्या टेपांवर लोक जीव टाकतात. समोरचा खोकतोय, कुणी मध्येच 'क्या बात है' म्हणतंय, तरी चालतं.

खर्जातला:
त्या टेपा रसिक एकमेकांना देतात, कुणी त्यावर किंमत छापत नाही. इथे प्रश्न हक्काचा आहे. १९६५ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय कलाकारांनी एएसीएम ही स्वतःची संघटना काढली ती कशासाठी? आपलं संगीत आपण सादर करायचं, क्लबमालकाच्या आणि कंपनीच्या तोंडाकडे बघायचं नाही, म्हणूनच ना? मग त्यांनी न निवडलेली टेप आपण कोणत्या तोंडाने विकत घ्यायची?

मिंड:
'नको' नेमकं कोण म्हणालं, ते दर वेळी तपासा ना. जॉनची पत्नी, पियानो आणि हार्प वाजवणारी ॲलिस कोल्ट्रेन, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल, फेब्रुवारी १९७१. स्वामी सच्चिदानंदांच्या योगसंस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम. फॅरो सँडर्स आणि आर्ची शेप दोघे सॅक्सोफोनवर, बासही दोन, ड्रम्सही दोन. इम्पल्स या रेकॉर्ड कंपनीने स्वतःच ध्वनिमुद्रण केलं आणि बासनात बांधून ठेवलं. बाई २००७ मध्ये गेल्या, अख्खी मैफल आली २०२४ मध्ये. इथे गप्प बसवलं ते कंपनीनेच. तुमच्या नियमाने कंपनीचाच निर्णय कायम राहिला असता.

खर्जातला:
ॲलिसबाईंची गोष्ट वेगळी, तिथे मैफल मुद्दाम ध्वनिमुद्रित केली होती. माइकची चाचणी म्हणजे मैफल नव्हे.

मिंड:
माइकची चाचणी ऑल्डरसनची होती. डॉल्फी समोर बसलेल्या लोकांसाठीच वाजवत होता.