मदत हवी आहे: नेटवर्क प्रोटोकॉल शिकतोय, पण वायरशार्कमध्ये हँडशेकच दिसत नाही

नेटशिकाऊ:
टीसीपी (जोडणी उभारून डेटा पोचवणारा), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारा), डीएचसीपी (मशीनला पत्ता देणारा) वाचून झालेत, आता खरी पॅकेटं बघून पक्के करायचे आहेत. विंडोजवर वायरशार्क (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावून क्रोममध्ये साइट उघडली. डीएनएसच्या पोर्ट ५३ वर काही नाही, टीसीपी हँडशेकचं पहिलं पॅकेट सिनही नाही. सगळं यूडीपी ४४३. फिल्टर चुकतोय का? आणि वाचायला नेमकं काय घ्यावं?

पॅकेटवाचक:
फिल्टर ठीक आहे, आड येतोय तो ब्राउझर. यूडीपी ४४३ म्हणजे क्विक, यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल, त्यात टीसीपी नसतोच. डीएनएसची चौकशी क्रोमने एचटीटीपीएसमधून केली असेल, नाहीतर उत्तर कॅशेतून (आधी साठवलेल्या उत्तरांतून) आलं असेल. शिकताना ब्राउझर बाजूला ठेवा, कमांड प्रॉम्प्ट घ्या.

एनएसलुकअप ही कमांड विंडोजची कॅशे न बघता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर नेटवर्कचा सफिक्स जोडून जादा चौकशा जातात. सगळ्यात आधी एक पीटीआर चौकशी (पत्त्यावरून नाव विचारणारी) दिसेल. ती तुमच्या डीएनएस सर्व्हरचंच नाव शोधायला असते, गोंधळू नका.

मग कर्लने (कमांडवरून पान मागवणारं साधन) साधी एचटीटीपी साइट मागवा. पोर्ट ८० वर सिन, सिन-ॲक, ॲक आणि पाठोपाठ गेट (पानाची मागणी) मिळेल. सीक्वेन्स नंबर ० दिसतो, तो वायरशार्कने वाचायच्या सोयीसाठी केलेला. टीसीपीच्या प्रेफरन्सेसमध्ये रिलेटिव्ह नंबर बंद करून ३२ बिटांचे खरे आकडे एकदा बघाच. सिनमध्ये डेटा एक बाइटही नाही, तरी पलीकडून येणारा ॲक एकाने पुढे असतो, कारण सिन स्वतः एक नंबर खातो. जोडणी बंद करणाऱ्या फिनचंही तसंच.

लेअर३:
वाचायला आरएफसीच (प्रोटोकॉलचे मूळ दस्तऐवज) घ्या, फुकट मिळतात. सुरुवात ७६८ पासून करा: यूडीपी, १९८०, जेमतेम तीन पानं, ८ बाइटांचा हेडर. टीसीपीसाठी १९८१ चा ७९३ नको. २०२२ मध्ये त्याच्या जागी ९२९३ आला, पण जुन्या नोट्समध्ये अजून ७९३ च सापडतो. शेजारी कॅप्चर उघडून हेडरच्या आकृतीशी एकेक फील्ड जुळवत जा. नुसतं वाचून ते डोक्यात राहत नाही.

नेटशिकाऊ:
आभार, कर्लवर हँडशेक दिसला! डीएचसीपी रिन्यू केलं तर मात्र दोनच पॅकेटं आली. डिस्कव्हर आणि ऑफर ही पहिली दोन कुठे गेली?

पॅकेटवाचक:
लीज (पत्ता वापरायची मुदत) अजून शाबूत आहे. तोच पत्ता पुढे चालवायला रिक्वेस्ट आणि ॲक पुरतात. आयपीकॉन्फिग कमांडने आधी रिलीज करा, मग रिन्यू, चारही येतील. रिमोट डेस्कटॉपवरून मात्र करू नका. रिलीज होताच जोडणी तुटते आणि रिन्यू टाइप करायला मशीन हाती राहत नाही.