जर्मनीत परिचारिका म्हणून जाताना: बी१ वर निघावे की बी२ इथेच पूर्ण करावे?

प्रश्न

नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंग व प्रसूतिशास्त्राची पदविका घेतलेली परिचारिका) असून माझी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे. लातूरच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात चार वर्षे काम केल्यानंतर आता जर्मनीला जाण्याची तयारी चालू आहे. जर्मन भाषेची बी१ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे, बी२ ही त्यापुढची पातळी. एजन्सीचे म्हणणे असे की आताच निघा, बी२ तिथे गेल्यावर सहज होते. शिकवणीच्या बाई मात्र घाई करू नका म्हणतात. आई-बाबा माझ्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे घरी बसून राहणे परवडणारे नाही. बी२साठी आणखी सहा-सात महिने थांबावे का, आणि भाषेखेरीज कशाची तयारी करावी, हे तिकडे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पाच वर्षे, त्याआधी नाशिक)

ताई, नोकरी चालू ठेवून थांबता येत असेल तर अवश्य थांबा. तुमच्या शिक्षणाला तिथली मान्यता, म्हणजे आनेरकेनुंग, मिळायला बी२ लागते आणि ती मिळेपर्यंत तुम्हाला सहायक म्हणूनच काम करावे लागते आणि पगारही सहायकाचाच मिळतो. मी बी१ वर गेले. सकाळची, दुपारची आणि रात्रीची पाळी सांभाळून भाषेचा वर्ग करताना बी२च्या लेखनात एकदा नापास झाले, आणि पुढचे कितीतरी महिने त्याच पगारावर काढले. घरी पैसे पाठवायचे असतील तर हा हिशेब आधीच मांडून ठेवा.

कागदपत्रांचे काम आजपासूनच सुरू करा. तिथला मान्यता देणारा सरकारी विभाग आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतो, म्हणून कोणता विषय किती तास शिकवला आणि कोणत्या विभागात किती तास प्रात्यक्षिक झाले, असा तक्ता संस्थेकडून घ्यावा लागतो. मला तो मिळायला चार महिने लागले. त्यानंतर काय कमी पडते ते सांगणारे पत्र येते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी पूरक प्रशिक्षण किंवा 'केन्टनिसप्र्युफुंग' नावाची तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा, यांपैकी एक मार्ग निवडता येतो.

आता जे मला कोणीच सांगितले नव्हते ते सांगते. आपल्याकडे रुग्णाला स्पंज देणे, भरवणे, बेडपॅन देणे ही कामे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि आपण औषधे, इंजेक्शने, सलाईन पाहतो. तिकडे अंघोळ घालणे हे पूर्ण शिकलेल्या परिचारिकेचेच काम आहे, तर शिरेत सुई घालणे आणि रक्त काढणे बऱ्याच रुग्णालयांत डॉक्टर करतात. अतिदक्षता विभागातून येणाऱ्या मुलींना हे फार लागते. आपले कौशल्य हिरावून घेतल्यासारखे वाटते. मलाही तसेच वाटले होते. पहिल्याच आठवड्यात एका आजींचे तोंड मी सवयीने भराभर पुसले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून 'हे मला स्वतःला जमते' असे शांतपणे सांगितले. माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी ओला रुमाल पिळून आजींच्या हातात दिला आणि आम्ही दोघी थांबून राहिलो. त्या तीन-चार मिनिटांत आजींचा उजवा खांदा वर जात नाही आणि पाठीच्या खालच्या भागावर त्वचा लाल झाली आहे, हे आमच्या लक्षात आले. रुग्णाला जेवढे जमते तेवढे त्यालाच करू द्यायचे, हा तिकडच्या शुश्रूषेचा गाभा आहे आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तेच पाहतात. हे काम कमीपणाचे नाही, हे मनाशी पक्के करून जा.

उत्तर २ (पुण्यात जर्मन शिकवते)

गटे संस्थेच्या बी२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि ते वेगवेगळे देता येतात. त्यामुळे कच्चा भाग मागे ठेवून बाकीचे आधी उरकता येतात.

संख्यांचा सराव मात्र रोज करा. आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच आणि मग वीस उच्चारतो, जर्मनमध्येही अगदी तसेच आहे. तरीही इंग्रजीतून आकडे मोजायची सवय झालेल्या माझ्या विद्यार्थिनी पंचवीस ऐकून ५२ लिहितात. जर्मन आकडा मराठीत ऐकला तर ही चूक होत नाही. लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे: दशांशाच्या जागी स्वल्पविराम आणि हजारांच्या जागी टिंब. हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या कुपीवर ५.००० असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ पाच हजार युनिट असा असतो. ओव्हर घेताना (पाळी बदलताना आधीच्या परिचारिकेकडून रुग्णांची माहिती घेताना), म्हणजे तिकडच्या 'युबरगाबे'त, हे सगळे वेगाने बोलले जाते.

उत्तर ३

करार जर्मन जाणणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, विशेषतः नोकरी लवकर सोडल्यास खर्च परत करण्याचे कलम. माझ्या बहिणीची मूळ प्रमाणपत्रे एका एजन्सीने फाइलसाठी म्हणून ठेवून घेतली आणि परत देताना पैसे मागितले. मूळ कागद कोणालाही देऊ नका. 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' हे जर्मनीतले सरकारमान्य गुणवत्ता-चिन्ह आहे. ते असलेल्या संस्थांनी भरतीचा खर्च परिचारिकेकडून घ्यायचा नसतो, तो नियोक्त्याने करायचा असतो. तुमच्या एजन्सीकडे ते आहे का, हे सही करण्याआधी विचारा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मी बी२ इथेच करीन. नाशिकच्या ताईंना एकच विचारायचे आहे: माझा अतिदक्षता विभागातला अनुभव तिथे वायाच जाणार का?

उत्तर १

नाही. मान्यता मिळाल्यावर तुम्ही त्या विभागासाठी अर्ज करू शकता, आणि पुढे अतिदक्षता व भूलशास्त्राचे दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षणही नोकरी करतच घेता येते. फक्त अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचे नाव, खाटांची संख्या आणि व्हेंटिलेटरवरचे रुग्ण तुम्ही सांभाळलेत, हे स्पष्ट लिहून घ्या. माझ्या दाखल्यावर नुसते 'स्टाफ नर्स' एवढेच होते. तो बदलून घेण्यासाठी माझ्या भावाला नाशिकमध्ये तीन फेऱ्या माराव्या लागल्या.