तांबी कुत्री आज रात्री विणार, सगळ्यांनी वाचा

[संध्या. ७:०५] वहिनी, २०१: तांबीनं सकाळपासून अन्नाला तोंड लावलं नाही. भाकरी-दूध तसंच पडलंय. जिन्याखालचं पोतं पायानं उकरायलीय, गोल फिरून बसतीय, लगेच उठतीय. दुपारी ताप बघितला, ९८.६ भरला. आपल्याला हा बरोबर, पण कुत्र्याच्या अंगात १०१ ते १०२.५ असतो. ९९ च्या खाली उतरला की बहुतेक २४ तासांच्या आत वितात. आज रात्र नाहीतर उद्या सकाळ.

[७:१२] सेक्रेटरी काका: वहिनी, तिला हाकला म्हणत नाही मी. पण जिन्यात घाण होणार, पोरं जातात-येतात. मागच्या शेडात हलवूया की.

[७:१६] वहिनी, २०१: काका, आज नको. तिनं जागा धरलीय. आत्ता उचललं तर घाबरून कळा थांबतात, नाहीतर विल्यावर एकेक पिल्लू तोंडात धरून पावसात फिरेल. शेडात गुडघाभर ओल आहे, टिळकवाडीचा श्रावण तुम्हाला मी काय सांगायचा. जिना मी स्वतः फिनेलनं पुसून देते. पोरांना दोन दिवस लिफ्टनं पाठवा, एवढंच करा.

[७:३०] अक्का, १०४: बाळंतीण ती. हळिवाची खीर करून ठेवू काय गं?

[७:३३] वहिनी, २०१: गोड नको अक्का. आत्ता नुसतं पाणी. मोकळी झाली की मऊ भात आणि उकडलेलं अंडं द्या, चिकनचं पाणीही चालेल, पण कांदा, लसूण, मीठ न घालता. आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रेमानंही कुणी घालू नका. विण्याआधी बाहेरून दिलं की तिचं शरीर स्वतःचं कॅल्शियम काढायचं विसरतं, मग दूध सुटल्यावर झटके येऊ शकतात.

[७:४०] दादा, ३०२: घाबरायचं कधी? आमच्याकडे कधी कुत्रं नव्हतं.

[७:४६] वहिनी, २०१: बरं विचारलंस. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही तर डॉक्टर. पोटात पिल्लं आहेत आणि दोन तास काहीच नाही, तरी डॉक्टर. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवं-काळं पाणी गेलं तर वाट बघायची नाही, आत वार (नाळेला जोडलेला गोळा) सुटलेली असते. पिल्लू आल्यावर तसं पाणी दिसलं तर चालतं. डॉक्टरांना सांगून ठेवलंय, ते फोन उशाशी ठेवणार आहेत. कळा वाढवायचं इंजेक्शन आपण आपल्या मनानं द्यायचं नाही, पिल्लू आडवं असलं तर आईचा जीव जातो.

[रात्री १०:५०] वहिनी, २०१: धापा टाकायलीय, अंग थरथरतंय. मी पायरीवर बसलेय. जिन्यातला मोठा दिवा बंद करा. फोटोला कुणी खाली येऊ नका.

[११:५५] वहिनी, २०१: पहिलं आलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. तिनंच पिशवी फोडली, नाळ तोडली.

[१२:३५] वहिनी, २०१: दुसरं. वार तिनं खाल्ली. खाऊ दे, त्यांची रीतच आहे.

[१:२२] दादा, ३०२: वॉचमनअण्णांचा व्हॉइस मेसेज आलाय. ‘मूरु मरी’ म्हणतायत. मेलं का कुठलं??

[१:२४] अक्का, १०४: नाही रे बाळा, कानडीत पिल्लाला मरी म्हणतात. तीन झाली म्हणायलेत.

[१:४०] वहिनी, २०१: आत्ता हात मोकळे झाले. तिसरं पिशवीतच होतं, ती दमून बघतच नव्हती. मी नखानं नाकाजवळची पिशवी फाडली, तोंडातलं पाणी टिपलं. निपचित होतं, उंदराएवढं, ओल्या कापसासारखं. अण्णांनी टॉवेल धरला, मी पाठ चोळत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक बारीक ‘चीं’ झालं. तिच्या पोटाशी ठेवल्याबरोबर चाटायला लागली.

[१:४२] अक्का, १०४: देवा. झोप कुणाला येतीय इथं. गाईचं दूध कोमट करून आणू?

[१:४४] वहिनी, २०१: गाईचं नको, हगवण लागते. आईचं पहिलं चीक दूधच पोटात जायला हवं. त्यापेक्षा कोरडी गोणपाटं द्या. त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही, गार पडली की दूधही ओढत नाहीत.

[३:५०] वहिनी, २०१: सहा. शेवटचं ३:२० ला. सगळी दुधाला लागलीत. तिनं भाताचे चार घास खाल्ले. पण वारा मी पाचच मोजल्या. अंधारात एक तिनं खाल्ली असेल, आत राहिली असली तर ताप चढेल, घाण वास येईल. सकाळी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पिल्लं अंगावरची सुटली की तिचं नसबंदीचं ऑपरेशनही करून घेऊ, ते मी बघते.

[३:५८] सेक्रेटरी काका: जागाच आहे मी. डॉक्टर कितीला येणार?

[४:००] वहिनी, २०१: साडेनऊला.

[४:०१] सेक्रेटरी काका: गेटवर मी थांबतो. पहाटे दूधवाल्यालाही सांगतो, गाडी बाहेर बंद करून आत ये म्हणून. तुम्ही तासभर पडा आता, पायरीवर मी बसतो.