मित्राच्या बोटीवर पाहुणे म्हणून जायचंय, काय काय पाळावं?

नवऱ्याच्या जुन्या मित्राने शिडाची बोट घेतली आहे, दहा मीटर लांबीची. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना आणि नऊ वर्षांच्या लेकीला दोन दिवस बोलावलंय, रात्रीचा मुक्कामही बोटीवरच. कुणाच्या घरी राहायला गेलं की कसं वागायचं ते कळतं, पण बोटीवर आम्ही कधी राहिलेलो नाही. हा मित्र इतका भिडस्त आहे की आमचं काही चुकलं तरी तोंडातून शब्द काढणार नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. सामान किती न्यावं? मदतीला पुढे व्हावं की गप्प बसावं? खर्चाचं काय करावं? शिवाय मला गाडी लागते, म्हणजे बोटही लागणारच.

प्रतिसाद १

माझी स्वतःची बोट आहे, त्यामुळे त्या मित्राच्या वतीने बोलते.

सामान मऊ पिशवीत आणा. चाकांची कडक बॅग रिकामी झाली तरी ती ठेवायला जागा नसते. पिशवी घडी करून कप्प्यात सरकवता येते. बोटीत पाय टाकण्याआधी हाक मारा, "येऊ का?" म्हणून. रस्त्यावरचे बूट धक्क्यावरच काढा. तळव्यात रुतलेला एक बारीक खडा डेकवर चरे पाडतो आणि काळ्या रबराचे डाग घासूनही निघत नाहीत. अनवाणी फिरायचं का, तेही विचारा, कारण डेकवर जागोजागी लोखंडी कड्या असतात आणि पायाची बोटं त्यांवरच आपटतात. बोटीसाठी फिक्या तळव्याचा वेगळा जोड आणलात तर उत्तम. उन्हाचं क्रीम फवाऱ्याचं नको. ते डेकवर बसतं आणि मग तिथे पाय घसरतो.

आता संडास. हसू नका, बोटीवरचे निम्मे रुसवेफुगवे इथेच सुरू होतात. मैला वाहून नेणारी नळी जेमतेम दीड इंचाची असते, आणि पंपात रबराच्या छोट्या झडपा. माझ्याकडे एका पाहुणीने ओला टिश्यू टाकला, अगदी नकळत. नांगर टाकलेला, संध्याकाळ झालेली, बाकीचे वर गप्पा मारत होते आणि मी खाली गुडघ्यांवर बसून पंप खोलत होते. झडपेत अडकलेला तो टिश्यू चिमट्याने तुकड्या-तुकड्याने बाहेर काढायला दीड तास लागला. ती बिचारी रात्रभर माझ्याकडे बघेना. मी आधी सांगितलं असतं तर तिच्यावर ही वेळ आली नसती, हे मला आजही लागतं. तेव्हा नियम असा की जे पोटातून गेलेलं नाही ते त्यात टाकायचं नाही. कागदाचं काय करायचं ते प्रत्येक बोटीवर वेगळं असतं, विचारून घ्या. पुरुषांनीही बसूनच जावं. पंप किती वेळा हापसायचा हे मित्राकडून समोर करून दाखवून घ्या.

पाणी जपून वापरा. एवढ्या बोटीत २००-३०० लिटर म्हणजे भरपूर समजायचं. साबण लावताना नळ बंद.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१.

मदतीबद्दल लिहितो. विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका, मग तो दोर असो, बटण असो की झडप. आणि बोट धक्क्याला लागताना हातापायाने ती अडवायला तर मुळीच जाऊ नका. दहा मीटरची बोट पाचेक टनांची सहज असते. हळू सरकताना ती हाताने थांबेल असं वाटतं, पण थांबत नाही, मध्ये हाताची बोटं चिरडतात. मध्ये घालायला फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या फुगीर गाद्या असतात. दोर हाताला गुंडाळू नका, त्याच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका, धक्क्यावर उडी मारू नका. शिडाखालचा आडवा दांडा एका क्षणात या बाजूचा त्या बाजूला जातो, म्हणून बसायला सांगितलं की तिथेच बसा. अशा वेळी मित्राचा आवाज चढला तर मनाला लावून घेऊ नका, वाऱ्यात ऐकू जायला ओरडावंच लागतं.

प्रतिसाद ३

बोट लागण्यावर: औषध निघण्याआधी घ्यायचं असतं, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. कोणतं घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. खाली केबिनमध्ये जाऊ नका, फोनमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघत मोकळ्या हवेत बसा. आणि लाजू नका, जरा बरं वाटेनासं झालं की लगेच सांगा. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला, बसून, कुणीतरी धरलेलं असताना. संडासात नाही.

खर्चाचं म्हणाल तर रोख पैसे पुढे करू नका. बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांकडून पैसे घेतले की ती खासगी सफर धरली जात नाही आणि विम्याचा घोळ होतो. दोन दिवसांचा शिधा तुम्ही न्या.

प्रतिसाद ४

इथे थोडा असहमत. इंधनाचा खर्च वाटून घेणं बहुतेक ठिकाणी चालतं. सरळ विचारा, भिडस्त माणसाला तर आपणच विचारावं लागतं. आणि परतल्यावर लगेच गाठायचं असं काही ठरवू नका. घाई असली की माणूस खराब हवेतही बोट काढतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लेक पट्टीची पोहते, तरी तिला लाइफ जॅकेट लागेलच का?

प्रतिसाद १

हो, डेकवर असेपर्यंत अंगातून काढायचं नाही. थंड पाण्यात अचानक पडलं की पोहता येणाऱ्याचाही श्वास अडकतो. मोठ्यांचं जॅकेट मुलांच्या डोक्यावरून निसटतं, त्यामुळे तिच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा येणारं हवं. मित्राला आजच वजन कळवा. निघण्याआधी रेडिओ कसा वापरायचा तेही तुम्ही दोघांनी शिकून घ्या: संकटात हाक द्यायचा चॅनल १६ आणि मदतीचं लाल बटण. कुणी पाण्यात पडलंच तर एकाने फक्त त्याच्याकडे हाताचं बोट रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांमध्ये डोकं दिसेनासं व्हायला वेळ लागत नाही. लेकीला हे काम नक्की जमेल.

धागाकर्ती

वजन कळवलं. त्याच्याकडे मुलांचं जॅकेट नव्हतंच, आता आणतोय. संडासाचंही विचारलं, तर लगेच फोन आला आणि अर्धा तास बोलत होता. तासभर आधी या, सगळं दाखवतो म्हणाला.