उंची सहा फूट एक, नेटिव्ह पोनी (ब्रिटन-आयर्लंडच्या स्थानिक जातीचा छोटा घोडा) कुठला घेऊ?

यॉर्कशायरला राहतो, वजन ८४ किलो. शो वगैरे नाही, वीकेंडला डोंगरात रमतगमत फिरायचंय. मोठा घोडा नकोच, पण पोनीवर बसलास तर पाय जमिनीला टेकतील म्हणते बायको. हायलँड जातीचा घेऊ की कॉनेमारा?

डोंगरवेडा: हायलँड घे बिनधास्त. उंची १४.२ हँडच्या (खांद्यापर्यंत सुमारे १४८ सेंमी) आत पण अंग असं भरलेलं की लांब पाय त्यातच मावतात, आणि स्कॉटलंडात शिकारीचं हरीण पाठीवर लादून डोंगर उतरणारी जात ती, तुझं काय घेऊन बसलास

रिकीब: उंचीपेक्षा वजन बघा, खोगीर धरून. घोड्याच्या वजनाच्या १५-२० टक्क्यांत बसलं पाहिजे. कॉनेमारा चपळ, पण बरेच अंगाने हलके. घेतलाच तर एचडब्ल्यूएसडीची (खुराची भिंत सुटत जाण्याचा आनुवंशिक आजार) जेनेटिक टेस्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सातारकर_लीड्स: डेल्स पोनीचं नाव कोणीच कसं घेत नाही? तुमच्याच भागातला, खाणीतलं शिसं वाहायचा. वेल्श सेक्शन डीला (वेल्श पोनींमधला मोठा प्रकार) तर उंचीची वरची मर्यादाच नाही, पण जरा तापट वाटतात मला. कुठलाही घ्या, हिरव्यागार कुरणात दिवसभर सोडू नका, लॅमिनायटिस (खुरांच्या आतली दुखरी सूज) होतो.

डोंगरवेडा: डेल्स विकायला मिळाला तर ना, आहेतच किती!